जुन्या यंत्राची खरेदी आणि अचौर्याचे पाच प्रश्न

आपल्या व्यापारी कुटुंबांत अचौर्याणुव्रताचा विचार बहुधा गादीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने केला जातो. माप पुरे द्यावे, मालात भेसळ नसावी, वहीखाते चोख असावे, हे संस्कार आपल्याला बालपणापासून लाभतात. परंतु तोच माणूस गादीवरून उठून दुसऱ्याच्या दुकानासमोर ग्राहक म्हणून उभा राहतो, तेव्हा त्या व्रताचे काय होते? हा प्रश्न मला एका अगदी साध्या खरेदीच्या निमित्ताने पडला. ती वस्तू म्हणजे मोटारीत बसवायचा, आतच मार्गदर्शक नकाशा असलेला, वापरलेला स्टिरिओ. नागपुरात आजही बरेच लोक त्याला ‘टेप’च म्हणतात.

आमची मोटार बारा वर्षांची आहे. इंजिन उत्तम, परंतु टेप मात्र मुका झालेला. नवा घ्यायचा तर नेव्हिगेशनसह घ्यावा, असे घरात ठरले. त्याला कारणही होते. मुक्तागिरीच्या दर्शनाला निघालो असता परतवाड्याच्या पुढे मोबाइलचे नेटवर्क गेले, पडद्यावरचा नकाशा अर्धवट उमटून थांबला आणि तिठ्यावर अर्धा तास गेला. ज्या यंत्राच्या पोटातच नकाशा साठवलेला असतो, त्याला इंटरनेटची गरज पडत नाही, हे मला ठाऊक होते. नव्या यंत्राची किंमत ऐकून पुतण्या म्हणाला, “काका, एवढ्या जुन्या गाडीत एवढा खर्च कशाला? सेकंड हँड घेऊ. चौथाईत काम होईल.”

सूचना वाजवी होती. वापरलेली वस्तू पुन्हा उपयोगात आणणे अपरिग्रहाच्या विचाराशीही सुसंगतच आहे. एका रविवारी आम्ही मनीषनगरातून निघून शहरातील जुन्या मालाच्या बाजारात गेलो.

पडद्यावरील ‘घर’

दुकानदाराने एका नामांकित कंपनीचे यंत्र काढून बॅटरीला जोडले. पडदा उजळला आणि चार अंकी कोड मागू लागला. “कोडचं टेन्शन नका घेऊ काकाजी, दहा मिनिटात खोलून देतो,” दुकानदार म्हणाला. ते यंत्र बाजूला ठेवून त्याने दुसरे जोडले. हे कोडशिवाय सुरू झाले. पुतण्याने कुतूहलाने नकाशातील ‘घर’ या चिन्हावर बोट ठेवले, तर परराज्यातील एका शहरातील वसाहतीचा पत्ता समोर आला. फोनच्या यादीत नावे होती : मम्मी, पप्पा, दूधवाला, स्कूल बस.

आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. हे यंत्र कोणाच्या तरी मोटारीतून निघाले होते, हे तर आधीच माहीत होते. परंतु आता त्या ‘कोणाला तरी’ घर होते, आई होती, शाळेत जाणारे मूल होते. मी विचारले, “हे आपल्याकडे कसे आले?” “अॅक्सिडेंटची गाडी भंगारात आली होती, साहेब.” “त्याचा काही कागद?” “भंगाराचा कुठे कागद राहते?”

दुकानदार खोटे बोलत होता, असे मी म्हणत नाही. अपघातग्रस्त मोटारी खरोखरच भंगारात येतात आणि त्यांचे सुटे भाग रास्त मार्गाने विकले जातात. परंतु पडताळणीचे कोणतेही साधन माझ्या हाती नव्हते. बँकेत असताना मालकीहक्काचा शोध घेतल्याशिवाय मी कोणाचेही तारणकर्ज पुढे पाठवले नाही. मग स्वतःच्या खिशातून पैसे देताना तो नियम का सोडावा? आम्ही हात जोडून निघालो. पुतण्या थोडा नाराज झाला. “आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल,” तो म्हणाला. त्या वाक्याला उत्तर शोधताना मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय पुन्हा उघडला.

पाच अतिचार, पाच प्रश्न

आपल्या सर्व संप्रदायांना मान्य असलेल्या या ग्रंथात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पूर्ण मोडलेले नाही, पण त्याला तडा गेला आहे, अशी अवस्था. हे पाचही अतिचार आजच्या जुन्या मालाच्या बाजाराला इतके तंतोतंत लागू पडतात, की मी चकित झालो.

पहिला अतिचार स्तेनप्रयोग, म्हणजे चोराला चोरीसाठी प्रवृत्त करणे. आपल्यापैकी कोणी तसे करील का? पण दुकानदार म्हणतो, “तुमच्या गाडीला बसेल तेच मॉडेल चार दिवसांत आणून देतो,” आणि आपण बयाणा देऊन येतो. वस्तू दुकानात नाही, कारखान्यातून येणार नाही, तरी चार दिवसांत मिळणार आहे. ती कोठून येणार, याचा विचार न करता दिलेली मागणी हे एखाद्याच्या काचेवर दगड मारण्याचे निमंत्रणही ठरू शकते. पुतण्याच्या वाक्याचे उत्तर येथेच मिळाले. दुसरा कोणी घेईल, हे खरे असेल, परंतु बाजारातील मागणीत माझी भर पडणार नाही, एवढे माझ्या हाती आहे.

दुसरा तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू स्वीकारणे. येथे धर्म आणि कायदा एकाच वाटेवर आहेत. मालविक्री अधिनियम, 1930 मधील कलम 27 चे मूळ तत्त्व असे, की विक्रेत्याजवळ जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क सामान्यतः खरेदीदाराला मिळत नाही. चोराकडून आलेल्या वस्तूची पूर्ण किंमत मोजली, तरी ती मूळ मालकाचीच राहते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार, वस्तू चोरीची आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मानण्यास कारण असताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोड मागणारे यंत्र, खरवडलेला अनुक्रमांक, कापलेल्या तारा आणि कागदाचा अभाव, हीच ती कारणे होत.

कोडविषयी थोडे स्पष्ट करतो. अनेक कंपन्या स्टिरिओला चोरीविरोधी कुलूप घालतात. मोटारीच्या बॅटरीपासून यंत्र सुटले, की पुन्हा जोडताना ते कोड मागते. तो कोड मूळ मालकाच्या पुस्तिकेत किंवा छोट्या कार्डावर असतो, अथवा मालकीची खात्री पटल्यावर अधिकृत सेवाकेंद्रातून मिळतो. म्हणून कोड नसलेले यंत्र स्वस्त मिळते. त्या स्वस्ताईचे कारण बहुधा हेच असते, की विक्रेत्यापाशी मूळ मालकाचा दुवा उरलेला नाही.

तिसरा विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचे नियम डावलून केलेला व्यवहार. ‘बिलाशिवाय घ्या, कर वाचेल’ हे वाक्य आपण विक्रेते म्हणून उच्चारत नसू, परंतु ग्राहक म्हणून ऐकून घेतो. वास्तविक जुन्या मालाच्या प्रामाणिक व्यापाऱ्याला कायद्याने सवलत दिलेली आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम 32 च्या उपनियम 5 प्रमाणे, वापरलेली वस्तू आहे तशीच किंवा तिचे स्वरूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती करून विकली आणि तिच्या खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल, तर कर पूर्ण किमतीवर न लागता खरेदी-विक्रीतील फरकावर लागतो. वस्तू तोट्यात विकली गेली, तर तो उणे फरक विचारातच घेतला जात नाही. म्हणजे 6,000 ला घेऊन 7,500 ला विकलेल्या यंत्रावर कर 1,500 वरच. एवढी सोय असताना बिल नाकारणाऱ्या दुकानदाराची अडचण कराची नसून मालाच्या उगमाची असण्याचा संभव अधिक.

भंगारातून आलेल्या सुट्या भागांसाठीही आता रीतसर मार्ग आहे. केंद्र शासनाने 2021 मध्ये नोंदणीकृत वाहन-निष्कासन केंद्रांसाठी नियम केले. मोटार तोडण्यापूर्वी ती चोरीची नाही ना, हे नोंदींशी ताडून पाहणे अशा केंद्रांवर बंधनकारक आहे. तेथून आलेल्या भागाला कागद असतो. ‘भंगाराला कुठला कागद’ हे उत्तर आता पूर्वीसारखे मान्य करण्याजोगे राहिलेले नाही.

चौथा हीनाधिकमानोन्मान, म्हणजे माप-तोलातील फसवणूक. स्टिरिओला कोणते माप? पुष्कळ आहेत. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले वॅट बहुधा क्षणभराच्या कमाल ध्वनीचे असतात, सलग मिळणारी शक्ती त्याहून बरीच कमी असते. अँड्रॉइड पडद्याच्या स्वस्त यंत्रांत स्मृतीची क्षमता पडद्यावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी, असेही आढळते. आणि सर्वांत सहज दिले जाणारे खोटे माप म्हणजे ‘नकाशा एकदम अपडेट आहे’.

पाचवा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे असलीच्या जागी नकली देणे. नामांकित कंपनीचे नाव छापलेली बनावट यंत्रे बाजारात असतात. त्याहून सूक्ष्म प्रकार नकाशाच्या कार्डाचा. अनेक यंत्रांत नकाशा वेगळ्या एसडी कार्डावर असतो आणि ते कार्ड त्याच यंत्राशी किंवा परवान्याशी बांधलेले असते. मूळ कार्ड नसले, की दुकानदार नक्कल केलेले कार्ड घालून देतो. नकाशा हे कोणाचे तरी श्रमधन आहे. आपल्या विदर्भालाच त्याची जाणीव अधिक असावी. भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण 1802 मध्ये मद्रासजवळ आरंभणारे विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना जानेवारी 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तले. त्यांचे दफनही तेथेच झाले. पायी चालून देश मोजणाऱ्यांपासून आजच्या संगणकीय नकाशाकारांपर्यंत ही परंपरा आहे. ते श्रम नक्कल करून फुकट वापरणे, हे अदत्तादानच होय.

यंत्र पारखताना

उगम शुद्ध असला, तरी वस्तू उपयोगाची आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते. या विषयात मी तज्ज्ञ नाही, परंतु चार जाणत्यांकडून समजून घेतलेले आणि स्वतः पडताळलेले काही सांगतो.

प्रथम आकार. मोटारीतील खाचेचे दोन प्रमुख मान आहेत. एकेरी सुमारे 180 बाय 50 मिलिमीटर आणि दुहेरी सुमारे 180 बाय 100 मिलिमीटर. आपल्या डॅशबोर्डची खाच मोजूनच बाजारात जावे. विशिष्ट मोटारीसाठीच घडवलेले यंत्र दुसऱ्या मोटारीत बसवण्यासाठी तारा कापाव्या लागतात, ते टाळावे. योग्य जोडणी-संच मिळतो का, हे आधी विचारावे.

दुसरे, उपग्रहांचा संकेत. अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. आपले स्थान ठरवण्यासाठी यंत्राला किमान चार उपग्रहांचे संकेत एकाच वेळी लागतात. दुकानाच्या छपराखाली ही परीक्षा होऊच शकत नाही. यंत्र अँटेनासह उघड्या आकाशाखाली जोडून पाहावे. दीर्घकाळ बंद असलेल्या यंत्राला सर्व उपग्रहांची माहिती गोळा करण्यास बारा-तेरा मिनिटे लागू शकतात, म्हणून घाई करू नये. अँटेना सोबत आहे ना, हेही पाहावे, कारण यंत्र काढताना ती बहुधा जुन्या मोटारीतच राहून जाते.

तिसरी खूण आहे दिनांकाची. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची गणना 1,024 पर्यंतच होते आणि मग शून्यापासून पुन्हा सुरू होते. ही गणना जानेवारी 1980 मध्ये आरंभली, ऑगस्ट 1999 मध्ये एकदा आणि एप्रिल 2019 मध्ये दुसऱ्यांदा शून्यावर आली. ज्या जुन्या यंत्रांची आज्ञावली सुधारलेली नाही, ती आजची तारीख एकोणीस वर्षांहून अधिक मागची दाखवू शकतात. उपग्रह मिळाल्यावर पडद्यावरील तारीख वाचा. ती चुकीची असेल, तर यंत्राची देखभाल झालेली नाही, असे समजावे.

चौथे, रेडिओ. जपानमध्ये एफएमचा पट्टा परंपरेने 76 ते 90 मेगाहर्ट्झ, तर आपल्याकडे 88 ते 108. तिकडच्या मोटारींतून निघालेले यंत्र कितीही सुंदर दिसले, तरी येथील बहुतेक केंद्रे त्यावर लागत नाहीत.

पाचवे, नकाशाचे वय. मनीषनगरच्या रहिवाशांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये वर्धा मार्गावरील दुमजली उड्डाणपूल आणि आपला रेल्वे उड्डाणपूल खुले झाले. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जून 2025 मध्ये तो 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. त्याआधीच्या नकाशाला यांतील काहीच ठाऊक नसते. म्हणून नकाशा कोणत्या वर्षाचा आहे आणि त्याची सुधारित आवृत्ती कंपनी आजही देते का, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर मोटार सुमारे 33 मीटर न पाहता पुढे जाते. याच महामार्गांच्या कडेने आपले साधू-साध्वी पहाटे विहार करीत असतात. यंत्र घेतले, तर गंतव्यस्थान मोटार उभी असतानाच भरावे, आवाजी सूचना सुरू ठेवाव्यात आणि बदल करायचा झाल्यास शेजारी बसलेल्याने करावा. हा अहिंसेचा भाग आहे, केवळ वाहतूक नियमांचा नव्हे.

अखेरीस झालेला व्यवहार

आमची खरेदी शेवटी बाजारात झालीच नाही. आमच्याच वसाहतीतील एका गृहस्थांनी मोटारीत मोठ्या पडद्याचे नवे यंत्र बसवले होते आणि जुने कपाटात ठेवले होते. त्यांनी मूळ बिल, कोडचे कार्ड, नकाशाचे कार्ड आणि अँटेना एका पिशवीत घालून आणून दिले. मी विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, “भाऊसाहेब, नकाशा 2018 चा आहे बरं का. आपला पूल त्यात नाही. आणि आवाजाचं बटण कधीमधी अडते.” मग त्यांनी आमच्यासमोर स्वतःच्या घराचा पत्ता आणि फोनची यादी पुसून टाकली. आम्ही साध्या कागदावर यंत्राचा अनुक्रमांक, रक्कम, दिनांक लिहून दोघांच्या सह्या केल्या. बाजारात मागितलेल्या किमतीहून दीड हजार रुपये अधिक गेले. पुतण्याने गाडीत बसताना स्वतःहूनच म्हटले, “काका, हे दीड हजार कशाचे, ते कळलं मला.”

ते गृहस्थ जैन नाहीत. परंतु दोष आधी सांगून मग किंमत सांगणारा विक्रेता पाहिला, की व्रत हे ग्रंथातून उठून शेजारच्या घरात राहायला आले आहे, असे वाटते.

पहिला प्रवास भद्रावतीच्या पार्श्वनाथांच्या दर्शनाचा ठरला. आमच्या सौभाग्यवती रोज सकाळी देशावकाशिक व्रताप्रमाणे त्या दिवसाच्या गमनाची मर्यादा ठरवतात. त्या दिवशीची मर्यादा दीडशे किलोमीटरची होती. मी भद्रावती हे नाव भरताच पडद्यावर अंतर आले. ते त्यांनी वाचले, मर्यादेच्या आत असल्याची खात्री केली आणि मगच पट्टा लावला. ठरवलेली मर्यादा विसरणे, हाही शास्त्रात अतिचारच मानला आहे. हा उपयोग मला सुचला नसता.

आम्ही निघालो आणि दोनच मिनिटांत यंत्राने आम्हाला जुन्या रेल्वे फाटकाकडे वळण्यास सांगितले. आम्ही हसलो आणि पुलावर चढलो. बराच वेळ पडद्यावरील बाण रूळांवरून अधांतरी चालत होता. पण फसवणूक झाल्याची भावना कोणाच्याच मनात आली नाही, कारण विक्रेत्याने हे आधीच सांगितले होते.